पांढरी मोडीत काढली, त्याचा हिशेब

जुलैत एका सकाळी क्लचवर पाय ठेवला आणि गालिचा पिचकन वाजला. खाली पाणी होतं. रात्री काच उघडी राहिली असेल म्हणून मी फडकं मारलं नि ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशी परत तेच. गॅरेजवाल्याने सीट काढली, गालिचा उचलला आणि स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर टेकवला, तो सरळ आरपार गेला. "ताई, हा पत्रा नाही, पापड आहे," म्हणाला.

गाडी आमची जुनी, पांढरी, पेट्रोलवरची. जानेवारी २०११ ची नोंदणी, माझ्या नावावर. घरात तिला 'पांढरी' असंच म्हणतात. नवऱ्याच्या बदलीमुळे तिने पाच पावसाळे रत्नागिरीत उघड्यावर काढले होते. त्या खाऱ्या हवेने जे केलं ते पुण्यात आल्यावर हळूहळू बाहेर पडत होतं. इंजिन मात्र ठणठणीत होतं. एका चावीत सुरू व्हायची.

प्रश्न असा होता की जानेवारी २०२६ मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार, म्हणजे आरसीची, नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत संपणार. पुढची पाच वर्षं हवी असतील तर आरटीओत तपासणी, नूतनीकरणाचे ५,००० रुपये (एप्रिल २०२२ च्या आधी हेच ६०० होते), वर जुन्या गाडीवरचा हरित कर. शिवाय नवी नंबरप्लेट, ७४५ रुपये अधिक जीएसटी, जिची मुदत वर्षभर पुढेपुढे सरकत होती आणि आम्ही 'अजून आहे वेळ' म्हणत बसलो होतो. आणि खालचा पत्रा कापून नवीन वेल्डिंग करायचे, गॅरेजवाल्याच्या अंदाजाने, पस्तीस ते चाळीस हजार. "त्यानंतरही समोरच्या दांडीची हमी मी देणार नाही," असं त्यानेच सांगितलं. पोटावर पाय आणून खरं बोलणारा मेकॅनिक मिळायला भाग्य लागतं.

त्याच आठवड्यात सोसायटीतल्या एका काकांनी बातमी आणली, "अगं, सरकार पंचवीस टक्के देतंय जुनी गाडी मोडली की!" पंचवीस टक्के ऐकल्यावर मी मनातल्या मनात नव्या गाडीच्या सात लाखांचे पंचवीस टक्के करून टाकले. दीड लाखाच्या वर! त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी नियम वाचायला घेतले आणि ते दीड लाख एकेक पायरी उतरत गेले. पंचवीस टक्के आहेत ते नव्या गाडीच्या किमतीवर नाहीत, नोंदणीच्या वेळी भरायच्या मोटार वाहन करावर आहेत. त्यातही शब्द आहे 'पर्यंत'. केंद्राने २०२१ मध्ये खासगी गाड्यांसाठी पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाड्यांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत अशी कमाल मर्यादा घालून दिली. प्रत्यक्षात किती द्यायचं ते राज्याने ठरवायचं, कारण तो कर राज्याचा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये पंधरा टक्के ठरवले. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के कर. म्हणजे किमतीच्या अकरा टक्क्यांचे पंधरा टक्के. तिसरीतल्या मुलालाही हे गणित घातलं तर तो विचारेल, मग उरलं काय?

तरी मी ठरवलं की सगळे पर्याय लिहून काढायचे.

पहिला, रस्त्यावरचा एजंट. गाडीभोवती एक फेरी मारून, बॉनेट उघडून, "पंचावन्न हजार, आत्ता रोख" म्हणाला. गालिचा त्याने उचलला नाही. मी सांगितलं, खाली पत्रा गेलाय. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या गिऱ्हाइकाला चालतं. तालुक्याला जाते गाडी." नाव कधी बदलून देणार विचारल्यावर, "होऊन जाईल." या 'होऊन जाईल'चा आमच्या घरात इतिहास आहे. माझ्या दिराने अशीच गाडी दिली होती. नाव बदललं नाही, आणि दोन वर्षं कुठल्याशा महामार्गावरच्या वेगाची चलनं त्याच्या मोबाइलवर येत राहिली. चलनं परवडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक. गाडी विकून टाकली असली, तरी अपघात झाला की भरपाईसाठी त्यालाच धरायचं. पापडासारख्या तळाची गाडी, माझ्या नावावर, अनोळखी माणसाच्या हातात, कुठल्यातरी घाटात. पंचावन्न हजार तिथेच संपले.

दुसरा, शोरूममध्ये एक्स्चेंज. त्यांनी गाडीचे ४६,००० लावले, वर एक्स्चेंज बोनस १५,०००. एकूण ६१,०००. नाव बदलण्याची जबाबदारी लेखी. हा पर्याय सगळ्यात नीट होता, हे कबूल करते. पण त्यांचाही माणूस म्हणाला की गाडी पुढे लिलावात जाते. म्हणजे शेवटी तालुक्यालाच.

तिसरा, मोडीत काढणे. त्यासाठी कोपऱ्यावरचा भंगारवाला चालत नाही, सरकारकडे नोंदणी असलेलं स्क्रॅपिंग केंद्र लागतं. त्यांची यादी परिवहन खात्याच्या पोर्टलवर मिळते. मी तीन ठिकाणी फोन केले. किलोमागे बावीस, चोवीस आणि सव्वीस रुपये असे भाव आले. भाजी घेतल्यासारखं वाटलं. सव्वीसवाल्याला हो म्हटलं.

आता कागद. इथे माझे सात आठवडे गेले, आणि त्यात स्क्रॅपिंग केंद्राचा काहीच दोष नव्हता. आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच होता. कर्ज २०१५ साली फिटलं होतं, बँकेचं पत्रही आलं होतं, आणि ते पत्र आम्ही इतकं जपून ठेवलं की सापडलं नाही. दरम्यान ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. जुनी शाखा नवीन शाखेकडे पाठवायची, नवीन शाखा म्हणायची तुमचा खाते क्रमांक आमच्या सिस्टीमला दिसत नाही. चौथ्या खेपेला एका निवृत्तीला आलेल्या बाईंनी खालच्या कपाटातून रजिस्टर काढलं नि माझं नाव शोधून दिलं. मग एनओसी, फॉर्म ३५, आरटीओत अर्ज, बोजा उतरला. कुणी मला सल्ला विचारला तर पहिलं हेच सांगते: गाडी मोडा, विका, ठेवा, काही करा, आज घरी जाऊन आरसीवर बँकेचं नाव आहे का तेवढं बघा. दोन ई-चलनं थकलेली निघाली, त्यांचे दीड हजार भरले. एक तर लक्ष्मी रस्त्यावर चुकीच्या जागी लावल्याचं होतं, आणि त्या दिवशी मी कुठली साडी आणायला गेले होते तेही फोटो बघून आठवलं.

हे चालू असताना दुसरीच गंमत झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. छोट्या गाड्यांवर सेस धरून एकोणतीस टक्के लागायचे ते अठरावर आले, घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून. आम्ही जी गाडी बघितली होती ती ७ लाख १० हजारांवरून ६ लाख ४९ हजारांवर आली. एकसष्ट हजार रुपये! आणि त्यासाठी मला काहीही मोडायचं नव्हतं, बँकेत खेपा घालायच्या नव्हत्या. ज्याची पहिलीच गाडी असेल त्यालाही तेवढेच मिळाले. सात आठवडे मी ज्या सवलतीच्या मागे पळत होते ती याच्या पाचव्या भागाएवढीसुद्धा नव्हती. नवरा काही बोलला नाही. नुसता चहाचा कप पुढे सरकवला.

दसऱ्याला पांढरीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू. सासूबाईंनी विचारलं, "मोडायचीच आहे तर कशाला?" आणि मग त्यांनीच नारळ ओवाळला. पुढच्याच आठवड्यात स्क्रॅपिंग केंद्राची टोइंग गाडी आली. अंतराचे दीड हजार वेगळे. मी मागोमाग रिक्षाने गेले, कारण शेवटपर्यंत बघायचं असं मी ठरवलं होतं. कुणी तसं सांगत नाही, पण जावं.

शहराबाहेर औद्योगिक वसाहतीतलं शेड. मला वाटलं होतं तेल सांडलेलं, काळंकुट्ट असेल. तर फरशी स्वच्छ, कॅमेरे लावलेले. आधी गाडी वजनकाट्यावर गेली: ७९० किलो. मग भावाची घासाघीस. बॅटरी मेलेली, आणि सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा मूळ कन्व्हर्टर कधीतरी बदललेला. त्यातच महागडे धातू असतात. सव्वीसचे चोवीस झाले. तो कन्व्हर्टर कुणी, कधी काढला हे मला आजतागायत माहीत नाही. चोवीस गुणिले सातशे नव्वद, अठरा हजार नऊशे साठ. गाड्या मोडीत काढायचं हे धोरण जाहीर झालं तेव्हा संसदेत सांगितलेलं होतं की भंगाराची किंमत नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के मिळेल. माझी तीनही भरली नाही.

कागद घेतले: मूळ आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक. गाडी चोरीची नाही ना, हे पोलिसांच्या नोंदींशी ताडून बघितलं. दोन्ही नंबरप्लेट काढल्या. एका मुलाने ग्राइंडर लावून चॅसी नंबरचा तुकडा कापून काढला. तो त्यांना सहा महिने जपून ठेवावा लागतो. ठिणग्या उडाल्या तेव्हा मी दुसरीकडे बघितलं, खोटं कशाला सांगू. मग ती पुढच्या पट्ट्यावर गेली. इंजिन ऑइल एका पिंपात, ब्रेकचं तेल दुसऱ्यात, कूलंट वेगळं, एसीतला गॅस यंत्राने ओढून घेतला. हे बघितल्यावर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यात आणि यांच्यात फरक काय ते कळलं. तो तेल नाल्यात सोडतो आणि गॅस हवेत. किलोमागे दोन रुपये तो जास्तही देईल, कारण पिंपांचा खर्च त्याला नाही. आरशाला अडकलेलं झेंडूचं तोरण मात्र तसंच होतं. सुकलेलं. मी काढून घेतलं नाही.

पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात आले. आणि पोर्टलवरून आलं 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट', गाडी मोडीला दिल्याचा दाखला. सरकारी मराठीत ठेव प्रमाणपत्र. सासूबाईंना वाटलं बँकेत एफडी केली. सवलतीची सगळी भिस्त याच कागदावर असते. तो दुसऱ्या कुणाला विकताही येतो, तशी नियमात सोय आहे. आम्हाला खरं तर नवी गाडी नवऱ्याच्या नावावर घ्यायची होती, आणि प्रमाणपत्र माझ्या नावाचं. शोरूममधला मुलगा कानाला हात लावून म्हणाला, "मॅडम, नका त्या भानगडीत पडू, पाडवा निघून जाईल." मग गाडी माझ्याच नावावर घेतली. नवरा म्हणाला, तरी बरं, चलनं तुलाच येतील.

आता आकडे. भंगाराचे १८,९६०. मोटार वाहन करातली सूट १०,७०८. नोंदणी शुल्क माफ, ६००. कंपनीचा स्क्रॅप बोनस २०,०००, पण तो घेतला तर एक्स्चेंज बोनस नाही, दोन्हींपैकी एकच. एकूण ५०,२६८. टोइंगचे दीड हजार वजा केले की ४८,७६८. शोरूमला गाडी दिली असती तर ६१,०००. म्हणजे नियमाने, पर्यावरणाला धरून, सगळं नीटनेटकं करून मी बारा हजार दोनशे बत्तीस रुपये कमी घेतले.

त्या पन्नास हजारांकडे पुन्हा बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यात सरकारचे किती? अकरा हजार तीनशे आठ. उरलेले लोखंडाचे आणि कंपनीचे. कंपनी दिवाळीत काही ना काही सूट देतच असते, त्या वर्षी तिच्यावर 'स्क्रॅप' अशी चिठ्ठी लावली. तेव्हा 'सरकार गाडी मोडायचे पैसे देतं' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. सरकार थोडा कर सोडतं, इतकंच.

मग ते अकरा हजार वाया गेले का? माझ्या बाबतीत गेलेच म्हणायचे, कारण ते नसते तरी मी गाडी मोडलीच असती. पत्र्याने तो निर्णय जुलैतच घेतला होता. ज्या माणसाची गाडी धडधाकट आहे, बाजारात दीड लाख येतात, तो अकरा हजारांसाठी मोडणार नाही. ज्याची गाडी धूर सोडते पण चालते, त्याला नवी घ्यायचीच ऐपत नसते. त्याला नव्या गाडीच्या करात सूट देऊन काय उपयोग? मग उरले आमच्यासारखे, जे हे करणारच होते. आम्हाला बक्षीस मिळालं.

भरघोस पैसे दिले तर काय होतं, तेही जगाने बघितलंय. अमेरिकेने २००९ च्या उन्हाळ्यात जुन्या गाडीमागे साडेतीन ते साडेचार हजार डॉलर दिले. पहिले शंभर कोटी डॉलर काही दिवसांत संपले, आणखी दोनशे कोटी ओतावे लागले, पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या गेल्या. त्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून चालू इंजिन जागीच गोठवत. चांगली इंजिनंसुद्धा. अतीफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की जास्तीची जी विक्री झाली ती पुढच्या काही महिन्यांतली उचल होती. पुढे तेवढीच विक्री घटली. जर्मनीने त्याच वर्षी नऊ वर्षांवरच्या गाडीला अडीच हजार युरो दिले, दीडशे कोटींची तरतूद पाचशे कोटींवर गेली. दिलं की लोक घेतात, यात आश्चर्य नाही. पण त्या पैशांनी जुन्या गाड्या गेल्या की नव्यांचा खप वाढवला, हे वेगळं काढून बघावं लागतं. आपल्याकडे त्या मानाने इतकं कमी दिलंय की फसण्याचीही सोय ठेवलेली नाही.

मला ज्याची खरी किंमत वाटली ते कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. दिवाळीनंतर एका रात्री मी पोर्टलवर पांढरीचा नंबर टाकला, आणि नोंदणी रद्द झालेली दिसली. आता तिच्या नावाने कुणी मला चलन पाठवणार नाही, कोर्टाचा कागद येणार नाही, कुठल्या घाटात ती कुणाच्या पायाखाली फाटणार नाही. बारा हजारांना मी हे विकत घेतलं असं म्हणा. मला महाग वाटत नाही. दिराला विचारा, तो म्हणेल स्वस्त पडलं.

आणि एक राहिलंच. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर मोडीत जात नाही. तो माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम न केल्याने माझा पन्नास टक्क्यांवर होता; जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेतलं आणि नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीचा जो हप्ता असतो तो निम्मा झाला. ही सूट करातल्या सुटीच्या जवळपास गेली, आणि ती गाडी विकली असती तरी मिळालीच असती. शोरूममधल्या कुणीही आपणहून सांगितलं नाही. फास्टॅगही आठवणीने बंद करा, माझा महिनाभर तसाच राहिला होता.

पाडव्याला नवी गाडी आली. करडी आहे. सासूबाई तिलाही पांढरीच म्हणतात.

मागच्या आठवड्यात पंचवीस टक्क्यांची बातमी आणणारे काका घरी आले. त्यांची २०१२ ची गाडी आहे, मोडावी का म्हणत होते. मी त्यांना आकडे दाखवायच्या आधी खाली पार्किंगमध्ये नेलं, मोबाइलचा टॉर्च दिला आणि गालिचा उचलायला लावला. खाली कोरडा, घट्ट, कंपनीच्या रंगातला पत्रा. गाडी पुण्याबाहेर फारशी गेलेलीच नाही. मी म्हटलं, काका, हिला कशाला मारताय, पुतण्याला विका. फक्त नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही घेऊन स्वतः आरटीओत जा, 'होऊन जाईल' म्हणाला तर ऐकू नका. काकांनी टॉर्च परत दिला आणि विचारलं, "मग ते पंचवीस टक्के?"